तोंड दुसऱ्याचं, शब्द माझे

दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ असं संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी सवयीने विचारलं, “कुणाच्या नावाने?” मग ते म्हणाले, “तुमच्याच.” हे माझ्या अंगवळणी नाही. गेली बरीच वर्षं मी रोज लिहितो आणि त्यातल्या जवळजवळ कशावरही माझं नाव नसतं. तेव्हा या लेखात मध्येच कुठे मी एखाद्या वस्तूची वॉरंटी देऊ लागलो, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी महाडला राहतो. घरात खिडकीपाशी टेबल आहे, त्यावर लॅपटॉप आहे. लोकांना जे लिहून हवं असतं ते मी इंटरनेटवरून लिहून देतो आणि त्याचे पैसे घेतो. एवढंच काम आहे. हे मी नातेवाइकांना अनेकदा समजावून सांगितलंय. ते शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, “ते ठीक आहे, पण सध्या कामाचं काय?”

या वर्षी शिमग्याला मी हे काम सोडायच्या बेतात होतो. माझा मेव्हणा विलास बिरवाडीला राहतो. तिथल्याच एका कंपनीत डिस्पॅचच्या ऑफिसात त्याने माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. “भावजी, शिमगा झाला की हो का नाय ते सांगा. साहेब त्याच्यापुढं थांबायचे नाहीत,” असं त्याने बजावलं होतं. मी होच म्हणणार होतो. का, ते सांगतोच, पण आधी धंदा समजला पाहिजे.

मी पूर्वी एका कारखान्याच्या ऑफिसात पत्रं लिहायचो. ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने’ असं सुरू होणारी आणि कुठेच न पोचणारी. कारखान्याला कुलूप लागल्यावर कळलं की पत्रं लिहिण्याखेरीज आपल्याला काही येत नाही. तेव्हा कुणीतरी सांगितलं की इंटरनेटवर लिहिणाऱ्यांचे बाजार असतात. गिऱ्हाईक आपलं काम तिथे मांडतो आणि लिहिणारे बोली लावतात. फरक इतकाच, की मासळीच्या लिलावात बोली चढत जाते, इथे उतरत जाते. शेवटी जो सगळ्यात स्वस्तात लिहायला तयार असतो त्याला काम मिळतं आणि मग तो का लिहायला बसलो म्हणून पस्तावतो. माझं पहिलं काम फरशी पुसण्याच्या दांड्याचं वर्णन हे होतं. मी त्यात इतका जीव ओतला की गिऱ्हाइकाने कळवलं, जरा कमी लिहा, लोकांना दांडा घ्यायचाय.

हळूहळू अक्कल आली. एकाच गिऱ्हाइकावर विसंबायचं नाही, हे पहिलं शिकलो. आमच्याकडे नुसत्या भातावर कुणी वर्ष काढत नाही, भात निघाला की त्याच ओलीवर वाल-पावटा टाकतातच. तसं मी दोन-तीन मोठी नेहमीची गिऱ्हाइकं आणि मधल्या ओलीवर बारीकसारीक कामं असं बसवलं. जो ‘सध्या फुकट लिहा, पुढे भरपूर काम देऊ’ म्हणतो त्याला पुढेच भेटू म्हणून सांगायचं, हे दुसरं. त्यावर घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं, पुराच्या पाण्यात गेलेला फ्रीज दोनदा नवा आला. लॅपटॉप मात्र कधी गेला नाही. पाऊस सुरू झाला की तो माळ्यावर जातो, आणि त्याच्यामागे मीही.

गल्लीत माझी ख्याती वेगळी आहे. “ते घरीच असतात,” अशी. त्यामुळे साऱ्या गल्लीची कुरियरची पार्सलं, गॅसची सिलिंडरं आणि एकदा लग्नाला गेलेल्या शेजाऱ्यांचा पोपट, हे सगळं माझ्या स्वाधीन असतं. मी परदेशातल्या गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर गंभीरपणे बोलत असताना दारातून हाक येते, “दिनूभाऊ, सही करा.” मी सही करतो.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर पहिला मान बर्फवाल्याचा. तो कुठल्याशा थंड देशातला होता आणि अंगणातला बर्फ काढायची यंत्रं विकायचा. त्याला असं लिहून हवं होतं की वाचणाऱ्याला वाटावं, लिहिणाऱ्याने आयुष्यभर बर्फ उपसलाय. मी बर्फ पाहिलाय तो रसवंतीच्या पेटीत. दोन दिवस काही सुचेना. मग मला आमचा पूर आठवला. पाणी उतरल्यावर घरात जो चिखल राहतो तो ओला असेपर्यंत काढला तर निघतो, वाळला की दगड होतो, फावडं अडकतं, कंबर धरते आणि शेजारी आपलं उरकून आपल्याकडे बघत बसतो. मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि चिखलाच्या जागी बर्फ घातला. गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, “तुम्ही उत्तरेकडचे दिसता.” मी म्हटलं, थोडासा. पुढे कित्येक हिवाळे त्याचं काम माझ्याकडेच होतं.

दुसरा शिवथरच्या बाजूचा. घळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने चार खोल्या बांधून पर्यटकांसाठी घरगुती मुक्काम सुरू केला होता आणि त्याची माहिती वेबसाइटवर टाकायची होती. ‘खिडकीतून ओढ्याचा खळखळाट’ असं त्याला हवं होतं. मी ‘पावसाळ्यात’ हा शब्द घातला. त्याने तो काढला. म्हणाला, “एवढं बारीक कोण वाचतंय?” मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं आणि त्यांनी ओढा मागितला. मालकाने त्यांना माझा नंबर दिला. मी त्या बाईंना बराच वेळ फोनवर ओढ्याची सविस्तर माहिती दिली. शेवटी त्या म्हणाल्या, “तुम्ही छान सांगता हो, डोळ्यांपुढे येतो.” दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला, यापुढे आलेल्या पाहुण्यांशी असं बोलायचं काय घ्याल?

तिसरा प्रसंग निरोप समारंभाचा. हे काम इंटरनेटवरचं नव्हे, पण इंटरनेटवर लिहितो अशा ख्यातीमुळे आलेलं. इथल्या कंपनीतले एक अधिकारी निवृत्त होत होते. त्यांनी आभाराचं भाषण माझ्याकडून लिहून घेतलं आणि कुणाला सांगू नका म्हणाले. दोन दिवसांनी त्यांच्या वरच्या साहेबांचा निरोप आला, की एकाला निरोप द्यायचाय, चार शब्द लिहून द्या, पण कुणाला सांगू नका. धंद्यात गुप्तता पाळावी लागते. समारंभाला मी शेवटच्या रांगेत होतो. साहेबांनी माझ्या शब्दांत अधिकाऱ्यांची स्तुती केली. अधिकाऱ्यांनी माझ्याच शब्दांत सांगितलं, की साहेबांचे हे शब्द मी जन्मभर विसरणार नाही. दोघांचे डोळे भरून आले. मी दोन्ही भाषणांना सारख्याच टाळ्या वाजवल्या. शेजारचा मला म्हणाला, “बघा, मनातून आलं की असं होतं.”

मला तेव्हा गंमत वाटली आणि घरी येताना वाईटही वाटलं. लिहिणाऱ्याला आपलं कुणाला पोचलं का हे कळावं, असं वाटतंच. माझं लिखाण जातं आणि परत येतात त्या फक्त दुरुस्त्या. बर्फवाल्याच्या देशात कुणी माझं वाक्य वाचून फावडं टाकून यंत्र घेतलं असेल, पण ते मला कोण सांगणार?

मग ते एआयचं मशीन आलं. प्रश्न टाकला की लेख बाहेर, तेही फुकट. माझी गिऱ्हाइकं एकेक करून गेली. बर्फवालाही गेला. प्रत्येकाने जाताना फार सुंदर पत्र लिहिलं आणि ती सगळी पत्रं एकसारखी होती, त्यावरून कळलं कुणी लिहिली ते. एकाने मशीनने लिहिलेलं तपासून द्यायचं काम देऊ केलं. म्हणजे आता मी मशीनच्या हाताखाली. ते चार महिने केलं. मशीनची चूक निघाली तर ते लगेच माफी मागतं, हे मला फार लागायचं, कारण माझ्याकडे कारखान्याच्या साहेबाने कधी मागितली नव्हती.

मला भीती वाटत होती. बावन्नाव्या वर्षी माणसाला दुसरं काय येणार, ही ती भीती. विलासची नोकरी त्या दिवसांतली. आमची ही बालवाडीत शिकवते. तिला विचारलं तर म्हणाली, “तुम्हाला पटेल ते करा.” थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, पण मग गल्लीची पार्सलं कोण घेणार?” तिला नक्की काय म्हणायचंय ते एवढ्या वर्षांत मला कळायला लागलंय.

आमचं मूळ गाव पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. शिमग्याला तिथे आई सोमजाईची पालखी निघते, घरोघर जाते आणि शेवटच्या दिवशी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर, बसते. मुंबईकर, सुरतकर सगळे आलेले असतात. तेव्हा गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतात. एक जण देवीपुढे उभा राहून गावाचं काय हवं-नको ते मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक मागणीनंतर सगळा गाव एका आवाजात म्हणतो, “व्हय महाराजा.” देवी असली तरी महाराजाच. ज्याच्या घरचं मागणं चाललेलं असतं त्याने मात्र तेवढ्यापुरतं गप्प राहायचं, अशी आमच्याकडची रीत. आपल्या मागण्याला आपणच हो म्हणायचं नसतं, ते इतरांनी म्हणायचं.

हा मान आमच्या तात्यांच्या घराकडे आहे. तात्या माझे चुलत चुलते. ते उभे राहिले की वरच्या वाडीत शब्द ऐकू जायचा. पण यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला बंदी केली. ते बोलायचे ते कुजबुजल्यासारखं. त्यांचा मुलगा बाळा गुणाचा आहे, शेती उत्तम करतो, पण चार माणसांत नाव विचारलं तर बापाकडे बघतो. शिमग्याच्या आधी गावकी बसली तेव्हा प्रश्न आला, गाऱ्हाणं कोण घालणार? मान घराबाहेर जाऊ द्यायचा नाही आणि बाळाला काही सुचायचं नाही. मुंबईच्या मंडळाचा सेक्रेटरी प्रकाश म्हणाला, “लिहून दिलं तर बाळा पाठ करील की. आपला दिनू लिहितो ना नेटवर?”

कुणीतरी म्हणालं, “व्हय, तो घरीच असतो.” ठराव पास झाला.

मी खुशीत लिहायला बसलो. देवीच्या रूपाचं वर्णन, डोंगराचं, रानाचं, मग गावाच्या वाटचालीवर एक परिच्छेद. भाषा अशी जमली, की मलाच पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं. पोलादपूरहून एसटीने गावात गेलो आणि तात्यांना त्यांच्या ओटीवर वाचून दाखवलं. तात्या डोळे मिटून ऐकत होते. वाचून संपल्यावर कुजबुजत म्हणाले, “झालं?”

“झालं.”

“मंग लोकांनी व्हय कदी म्हणायचं रे?”

मी कागदाकडे बघितलं. खरंच, कुठेच जागा नव्हती. वाक्यात वाक्य गुंतलेलं, एक संपायच्या आत दुसरं सुरू. इतकी वर्षं मी असंच लिहीत आलो होतो, कारण मध्ये थांबून हो म्हणायला पलीकडे कधी कुणी नसायचंच.

त्याच सुमारास प्रकाशने मुंबईहून मोबाईलवर एक गाऱ्हाणं पाठवलं. मशीनकडून करून घेतलेलं. ‘तुला मदत म्हणून’ असं खाली लिहिलं होतं. मला वाटलं, संपलं, इथेही आलं. खोटं कशाला बोलू, भाषा माझ्यापेक्षा शुद्ध होती आणि ‘व्हय महाराजा’च्या जागाही बरोबर सोडलेल्या होत्या. मी तेही तात्यांना वाचून दाखवलं. त्यात सर्वांना सुख, समृद्धी आणि उत्तम आरोग्य मागितलं होतं. तात्या म्हणाले, “चांगलं हाय. पन ह्यो कुनाचा गाव?” मी म्हटलं, कुणाचाही असेल. “मंग ज्याचा आसंल त्याला देऊन टाक,” तात्या म्हणाले आणि मला बसायला सांगितलं.

त्यानंतर मी रोज दुपारच्या एसटीने तात्यांकडे जायचो. आजवर मला फार हट्टी गिऱ्हाइकं भेटली, पण असं गिऱ्हाईक नाही. ते एकेक घर घ्यायचे. या घरात काय झालंय, त्या घराला काय हवंय. बिबट्याने कुणाची वासरी नेली, माकडांनी कुणाचे फणस ठेवले नाहीत, कुणाच्या पोराला सुरतेत खोली मिळत नाही, टॉवर उभा राहिलाय पण रेंज येत नाही. हे मी भराभर टिपून घ्यायचो. पण खरी कारागिरी पुढे होती. एका घरची मुलगी सासर सोडून आली होती. मी नाव घालून लिहिलं. तात्यांनी मान हलवली.

“द्येवीला सांगायचं, पन शेजाऱ्याच्या हातात द्यायचं नाय.”

“मग कसं लिहू?”

त्यांनी थोडा विचार केला, घसा धरला आणि म्हणाले, “जी लेक म्हायेरी आली हाय, तिला म्हायेर आखूड पडू दिऊ नको.”

मी लिहून घेतलं. गावात एकाला दारूची सवय लागली होती. तात्यांनी त्याचं असं केलं, “ज्याला बाजारातनं घरी याया वाट लांब व्हते, त्याची वाट जवळ कर.” मी हे लिहिताना पेन खाली ठेवलं आणि तात्यांकडे बघत राहिलो. ते सुपारी कातरत होते. या माणसाच्या कामाचं आणि माझ्या कामाचं कूळ एकच आहे, हे मला तेव्हा कळलं. दोघंही दुसऱ्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा बरं मांडतो. फक्त त्यांना समोरून हो मिळतं.

मग बाळाच्या तोंडात बसेल असं लिहायचं होतं. बाळाला लांब वाक्यात दम लागायचा, आणि काही शब्दांवर तो हटकून अडायचा. ते शब्द मी काढले. वाक्यं त्याच्या श्वासाएवढी केली. तो गुरांना पाणी पाजताना म्हणायचा आणि मी पायरीवर बसून ऐकायचो. कुठे थांबतो, कुठे घाई करतो, तिथे कागदावर दुरुस्ती करायचो.

एक दिवस काम करणाऱ्यांचं मागणं लिहायचं होतं. तात्या सांगत होते, “जो मुंबयला हाय, जो सुरतेला हाय, जो बिरवाडीला कंपनीत हाय, जो गाडीवर हाय, जो शेतात हाय.” मी लिहीत गेलो. शेवटी मी थांबलो तसे तेही थांबले.

“तू काय करतोस रे दिन्या, नक्की?”

मी सांगितलं. बाजार, बोली, बर्फवाला, ओढा, निरोप समारंभ. तात्यांना निरोप समारंभ फार आवडला. हसायला बंदी होती म्हणून ते नुसते हलत होते.

“म्हंजी बोलनार दुसरा आन शबूद तुजं.”

“हो.”

“आन नाव?”

“बोलणाऱ्याचं.”

“मंग लोकांना कळतं कसं, तू लिवलंस म्हनून?”

“नाही कळत.”

तात्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. मी विचार केला, बिरवाडीच्या कंपनीत तर मी चाललोच आहे, म्हणजे यादीत माझी सोय झालेली आहे. वेगळं काही घालायची गरज नाही. तेवढंच वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र त्याच आठवड्यात घडली. परदेशातल्या एका मराठी गृहस्थांना मुलीच्या लग्नात बोलायचं होतं, त्यांनी भाषण मागितलं होतं. एरवी मी प्रश्नावली पाठवली असती. या वेळी फोन केला आणि तात्यांसारखा एकेक माणूस घेत बसलो. कोण येणार, कोण येऊ शकत नाही, कुणाचं नाव घ्यायचं, कुणाचं न घेता सांगायचं. ते बोलत राहिले. भाषण गेलं. लग्नानंतर त्यांनी स्वतःहून फोन केला आणि तशीच कामं असलेले दोन मित्र माझ्याकडे पाठवले. म्हणाले, “मशीनकडूनही करून घेतलं होतं हो मी, चांगलं होतं, पण माझ्या बायकोने विचारलं, ही मुलगी कोण?” मला बरं वाटलं. पण दोन गिऱ्हाइकांवर कुणी वर्षाचा अंदाज बांधत नाही, आणि विलासच्या साहेबांचा दिवस जवळ आला होता.

शेवटच्या दिवशी आम्ही सगळे गावाला गेलो. विलासही पाहुणा म्हणून आला होता. पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. तात्या गळ्याला मफलर गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्चीत, चौथऱ्याला टेकून. बाळा पुढे उभा राहिला. मी सगळ्यांच्या मागे होतो, निरोप समारंभाला होतो तसाच, शेजारी विलास.

बाळाने बापाकडे बघितलं. मग बघायचं सोडलं आणि म्हणाला, “आई सोमजाई, तुजी लेकरं तुज्या म्होरं उभी हायत, त्यांचं ऐकून घे.”

“व्हय महाराजा!”

तो आवाज माझ्या अंगावर आला. माझं वाक्य आणि त्याला पाचशे माणसांचं उत्तर, तेही तिथल्या तिथे. पुढचं वाक्य, पुन्हा उत्तर. बाळाचा आवाज हळूहळू मोकळा झाला. वासरीचं आलं, माकडांचं आलं, टॉवरला रेंज मागितली तेव्हा मुंबईकरांचा आवाज सगळ्यात मोठा होता. “जी लेक म्हायेरी आली हाय,” म्हटल्यावर बायकांच्या बाजूने हो जरा जास्त जोरात आलं. वाट जवळ कर म्हटलं तेव्हा माझ्या पुढे उभा असलेला एक जण मान खाली घालून गप्प राहिला. बाकी सगळे व्हय म्हणाले. मीही म्हणालो. इतका आनंद मला कुठल्याही कामाने दिलेला नाही, आणि त्याच वेळी मला वाटत होतं, हे शेवटचं.

मुंबई, सुरत, बिरवाडी, गाडी, शेत, सगळं झालं. कागदावरचं संपलं. आता नारळ फुटणार, म्हणून ढोलवाल्याने काठी उचलली. तेवढ्यात तात्यांनी खुर्चीतून हात लांब करून बाळाचा सदरा ओढला. बाळा वाकला. तात्या त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. बाळा सरळ झाला, त्याने गर्दीत नजर फिरवली आणि न अडखळता म्हणाला:

“आन जो घरात बसून दुसऱ्याच्या तोंडी शबूद देतो, त्याला तोंडं कमी पडू दिऊ नको.”

हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. ते तात्यांचं होतं, बोलला बाळा, आणि होतं माझ्यासाठी.

“व्हय महाराजा!” सगळा गाव म्हणाला.

विलासही म्हणाला. तोवर त्याला लय सापडली होती आणि तो प्रत्येक मागणीला जीव तोडून उत्तर देत होता. हात जोडलेले तसेच ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं. आपण नक्की कशाला हो म्हटलं, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

“भावजी,” तो हळूच म्हणाला, “म्हंजे मी साहेबांना काय सांगू?”

मी गप्प राहिलो. रीतच तशी आहे.